सोलापूर परिसरातलं तलावाचं पाणी : कोणत्या महिन्यात किती तापतं, कधी उतरायचं, कधी नाही

भीमाकाठ

मार्च लागला की पोहणाऱ्यांच्या ग्रुपवर तोच प्रश्न फिरू लागतो : पारा चाळिशीला टेकला, आता तलावात उतरायला हरकत नाही ना? एका ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून हा धागा. जलतरण तलावात दोन-तीन किलोमीटर सहज मारणारी बरीच मंडळी आता उघड्या पाण्याकडे वळली आहेत. त्यांच्यासाठी सगळी माहिती एका जागी असावी.

इंटरनेटवर उघड्या पाण्याबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक थंड देशांतलं असतं : अंग गारठणं, वेटसूट (अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख), थंडीचा धक्का. सोलापुरात यातलं फारसं काही होत नाही. इथे घात करतं ते कोमट पाणी, उथळपणा, गाळ आणि आटत जाणारी पातळी. त्यामुळे सावधगिरीही वेगळी लागते.

पाण्याचे ठोकताळे देतो. वेळ सूर्योदयानंतर तासाभराची, जागा काठापासून लांब, खोली हातभर. डिसेंबर-जानेवारीत २० ते २३ अंश. फेब्रुवारीत २२ ते २५, मार्चमध्ये २५ ते २८. एप्रिल-मे आणि पाऊस पडेपर्यंतचा जून, २८ ते ३१. जुलै-ऑगस्टला ढग आणि वारा असतो, तेव्हा २६ ते २८. सप्टेंबर-ऑक्टोबरला ऊन परत येतं, २६ ते २९. नोव्हेंबरात २३ ते २६. दुपारी चारच्या सुमाराला वरच्या थरासाठी यात दोन ते चार अंश मिळवा. तलाव उथळ किंवा गढूळ असेल तर फरक आणखी वाढतो. हे आकडे फक्त अंदाजासाठी आहेत, उतरण्यापूर्वी आपण स्वतः मोजायचंच.

शंका_विचारते

चांगला विषय. पण आधी सांगा, उतरायचं कुठे? शहरातले तलाव तर पोहण्यासारखे दिसत नाहीत.

भीमाकाठ

बरोबर आहे ताई, नाहीतच. सिद्धेश्वर तलाव देवस्थानाचा आहे, तिथे पोहण्याचा विषयच नको. कंबर तलाव, म्हणजे आताचा धर्मवीर संभाजी तलाव, तिथे जलपर्णीचा त्रास आहे, पाण्याची प्रतही पोहण्याची नाही. हिप्परग्याचा एकरुख तलाव मोठा आणि देखणा, पण शहराच्या पिण्याच्या पाण्याचा तो एक स्रोत आहे. पिण्याच्या पाण्यात अंग बुडवायचं नाही, हा साधा शिष्टाचार.

उरतं काय? ओळखीच्या शेतातली बांधीव विहीर, ग्रामपंचायतीला विचारून एखादा पाझर तलाव, आणि उजनी धरणाचा फुगवटा, म्हणजे भिंतीमागे पसरलेलं पाणी. उजनीत उतरायचं तर जलसंपदा खात्याची परवानगी आणि सोबत स्थानिक होडी, दोन्ही हवं. यातलं काहीच जमत नसेल तर जलतरण तलावच बरा.

माळरान

पाणी हवेइतकं का तापत नाही, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं.

मे महिन्यात दुपारी हवा ४२ अंशांवर आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असते. इतक्या कोरड्या हवेत पाण्याची वाफ झपाट्याने होते, आणि वाफ होताना पाण्यातली उष्णता जाते. माठ गार राहतो तो याच कारणाने. ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रतेला ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक जेमतेम २४ दाखवतो. गणितासाठी दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरा. म्हणजे एका चौरस मीटरमागे ८ किलो पाणी उडालं. एक किलो पाण्याची वाफ व्हायला २४०० किलोज्यूलहून थोडी जास्त उष्णता लागते, म्हणजे एकूण १९ मेगाज्यूलच्या पुढे. मेमधल्या स्वच्छ दिवशी त्या चौरस मीटरवर पडणारं ऊन साधारण २४-२५ मेगाज्यूल. उन्हाने दिलेलं बरंचसं वाफेतच निघून जातं. म्हणून हवा ४२ असली तरी तलाव तिशीच्या आसपास थांबतो.

आता उलटी बाजू. वळवाआधी आभाळ भरतं, हवा दमट आणि कोंदट होते, वारा पडतो, तेव्हा हे गार होणं मंदावतं. हवेचा पारा दोन अंशांनी उतरलेला असतो, पण वरचं पाणी मात्र आदल्या दिवशीपेक्षा गरम लागतं. "आज ऊन कमी आहे, जास्त वेळ पोहू" हा हिशेब अशा दिवशी अंगाशी येतो.

दुसरी गोष्ट थरांची. थंड प्रदेशातल्या तळ्यात ४ आणि ५ अंशांच्या पाण्यात वजनाचा फरक जवळजवळ शून्य. आपल्याकडे २९ आणि ३० अंशांच्या पाण्यात घनमीटरमागे ३०० ग्रॅमचा फरक पडतो. म्हणून एखाद-दोन अंशांच्या फरकानेही वरचं पाणी वर आणि खालचं खाली राहतं, वाऱ्याशिवाय मिसळत नाही. दुपारी कंबरेपर्यंत कोमट आणि घोट्याला गार लागतं ते यामुळे. रात्री वरचा थर थंड होऊन खाली बसतो आणि उथळ तलाव पहाटेपर्यंत ढवळून एकसारखा होतो. पहाटेचं पाणी सगळ्यात चांगलं असण्याचं हेही एक कारण.

खोल तलावात मात्र उन्हाळाभर खालचा थर तसाच राहतो, आणि तिथला प्राणवायू संपत जातो. तसंही ३० अंशांच्या पाण्यात फार तर साडेसात मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू मावतो. २० अंशांना नऊच्या वर मावतो. जोराच्या वाऱ्याने तळाचं पाणी वर आलं की सकाळी मासे वर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसतात, कुजक्या अंड्यासारखा वास येतो. त्या दिवशी पाण्यात जायचं नाही.

लांबपल्ला

मोजायचं कसं ते सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. काठावर उभं राहून पाय बुडवून "मस्त आहे" म्हणणं म्हणजे मोजणं नाही. काठाचं वीतभर पाणी मधल्या पाण्यापेक्षा दुपारी तीन-चार अंशांनी गरम असतं आणि हिवाळ्यात पहाटे तितकंच गारही असू शकतं.

वर्ल्ड ॲक्वाटिक्स या जलतरणाच्या जागतिक संघटनेचा नियम साधा आहे : शर्यतीच्या दिवशी, सुरुवातीच्या दोन तास आधी, मार्गाच्या मध्यावर, ४० सेंटीमीटर खोलीवर मोजायचं. हाच नियम आपणही पाळावा.

साधन म्हणून प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळणारा अल्कोहोलचा काचेचा तापमापक चालतो. पाऱ्याचा नको, फुटला तर पारा पाण्यात जातो. त्याला पीव्हीसी पाइपच्या तुकड्याचं कवच करा, खाली चार भोकं, खाली वजन, वर दोरी. दोरीला ४० सेंटीमीटर, १ मीटर आणि २ मीटरवर रंगीत गाठी. खाली सोडल्यावर दोन मिनिटं थांबायचं.

पण वर ओढताना आकडा बदलतो. त्यावर जुना उपाय बाटलीचा. अर्ध्या लिटरच्या बाटलीला दगड बांधा, बूच सैल लावा, बुचाला वेगळी दोरी. हव्या त्या खोलीवर सोडून बुचाची दोरी हिसडली की बाटली तिथल्याच पाण्याने भरते. बुडबुडे थांबले की वर घ्या आणि लगेच, सावलीत, बाटलीतच तापमापक घालून वाचा. उन्हात ठेवून वाचलं तर मिनिटागणिक आकडा चढतो.

इलेक्ट्रॉनिक हवं असेल तर स्टीलच्या नळीतला डीएस१८बी२० सेन्सर स्वस्त आणि पुरेसा आहे. अचूकता अर्ध्या अंशाची. डेटा आणि पुरवठ्याच्या तारेमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर विसरू नका, नाहीतर वाचन भलतंच येतं. हे सेन्सर बिघडतात ते नळीच्या तोंडाशी, जिथे वायर आत जाते. तिथे गोंद असलेली श्रिंक ट्यूब चढवा. कुठलाही तापमापक असो, वर्षातून एकदा बर्फात तपासा : बर्फाचा चुरा, तो भिजेल इतकंच पाणी, पाच मिनिटं ढवळत राहा, शून्य यायला हवं. एक अंश चूक आली तर ती कागदावर लिहून साधनालाच चिकटवा.

शंका_विचारते

आकडा मिळाला. मग किती अंशांना किती वेळ पोहायचं?

लांबपल्ला

स्पर्धेच्या नियमांत खालची मर्यादा १६ आणि वरची ३१ अंश. पाणी फार थंड असेल तर वेटसूटचेही नियम आहेत. सोलापूरच्या पाण्यात वेटसूटची गरज पडत नाही, घालून उलट त्रासच होईल. ३१ ही वरची मर्यादा एका मृत्यूनंतर आली. ऑक्टोबर २०१० मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैराला १० किलोमीटरच्या शर्यतीत अमेरिकेचा फ्रान क्रिपेन हा अव्वल दर्जाचा जलतरणपटू कोमट पाण्यात पोहताना मरण पावला. इतका तयार माणूस जातो, तिथे हौशी माणसाने ३१ ला शर्यतीचा वेग धरू नये.

सरावासाठी माझी पट्टी अशी. २८ पर्यंत नेहमीचा वेग आणि अंतर. २८ ते ३० मध्ये वेग कमी, सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही, मग सावलीत थांबा. ३० ते ३१ मध्ये फक्त तंत्राचा सराव, वीस मिनिटं. ३१ च्या वर उतरायचंच नाही. मे महिन्यात हे सगळं सकाळी साडेसातच्या आत उरकायला हवं.

नाडीपरीक्षा

लांबपल्ला यांच्या पट्टीला माझा पूर्ण दुजोरा. कारण सांगते. पाण्यात घाम येतो, पण त्याची वाफ होत नाही, त्यामुळे तो अंग गार करू शकत नाही. उष्णता जाण्याचा एकच रस्ता उरतो : अंगापेक्षा पाणी गार असणं. हात-पाय जोरात चालू असताना शरीर जितकी उष्णता तयार करतं तितकी ३१ अंशांचं पाणी ओढून घेऊ शकत नाही. आणि पाण्यात असल्यामुळे तहान जाणवत नाही, घाम दिसत नाही.

ओळखायचं कसं? डोकं जड होतं, मळमळतं, भर कोमट पाण्यात अंगावर काटा येतो किंवा हुडहुडी भरते. हुडहुडी आली की माणसाला वाटतं पाणी गार आहे, आणि तो जोर वाढवतो. ते घातक आहे. बाहेरून बघणाऱ्याला दिसतं ते असं : हातांची लय तुटते, माणूस सरळ रेषा सोडून जातो, हाकेला उशिरा उत्तर देतो. लगेच बाहेर काढा, सावलीत न्या, कपडे कमी करा, अंगावर पाणी ओतत राहा आणि टॉवेलने वारा घाला. बर्फ असेल तर काखेत, जांघेत आणि मानेला. बोलणं असंबद्ध झालं तर १०८ ला फोन, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी ओतणं थांबवायचं नाही. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काही पाजू नका.

पोहताना दर पंधरा-वीस मिनिटांनी दीडशे ते दोनशे मिली पाणी, तासाच्या वर जात असाल तर त्यात मीठ-साखर. टोपी सिलिकॉनची नको, ती डोक्याची उष्णता कोंडते. कापडी, फिक्या पण लांबून दिसणाऱ्या रंगाची घ्या.

विहीरकाठ

विहिरीचं बी सांगतो की ओ. खोल विहिरीचं पाणी वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाला राहतं, वर्षाच्या सरासरी हवेइतकं, म्हंजे आपल्याकडं २६-२७. म्हणून थंडीत विहीर ऊन लागती अन् उन्हाळ्यात गार. आपल्या भागातलं उन्हाळ्यातलं सगळ्यात भरवशाचं पाणी तेच. फक्त वरचा हातभर थर उन्हानं तापलेला असतो. काठावरनं उडी मारली की तापलेल्या थरातनं एकदम गार पाण्यात अंग जातं, धाप लागती. नवख्यानं पायऱ्यांनीच उतरावं.

पण विहिरीत सगळ्यात मोठं भ्या पाण्याचं न्हाई, करंटचं हाय. पाणबुडी मोटरीची केबल घासली असंल, जोड भिजला असंल, तर पाण्यात करंट उतरतो. अन् बऱ्याच शेतात मोटर ऑटोवर असती, लाइट आली की आपोआप सुरू. म्हणून नुसता स्टार्टर बंद करून भागत न्हाई. मेन स्विच खाली पाडायचा, किटकॅट (फ्यूज) काढून खिशात घालायचे, अन् मगच पाण्यात पाय. किटकॅट दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचे न्हाईत, कारण तो माणूस शेताच्या त्या टोकाला असतो, विहिरीत कोण हाय ते त्याला दिसत न्हाई, अन् पिकाला पाणी द्यायला तो ते परत बसवतो.

दुसरं, पायऱ्या पाण्याच्या खालीपतूर गेलेल्या हाईत का ते बघा. मेमध्ये पातळी खाली गेली की शेवटची पायरी पाण्यापासून पुरुषभर वर राहती. उडी मारता येती, वर येता येत न्हाई. तवा दोन जाड दोर सोडून ठेवायचे, दर हातावर गाठ मारून, अन् वरती झाडाला बांधायचे. कठड्याला न्हाई, जुना कठडा दगडासकट येतो.

शंका_विचारते

दादा, मुलांना डबा बांधून शिकवतात, तो कसा बांधायचा? आजकाल हवेची रिंग घालतात, ती चालते का?

विहीरकाठ

हवेची रिंग नको ताई. पोरगं उलटं झालं की रिंग कंबरेला अडकती अन् तोंड खाली जातं. आधी वाळलेला भोपळा, पांगाऱ्याचं लाकूड बांधायचे. आता पाच लिटरचा तेलाचा कॅन सगळ्यांच्या घरात असतो. पाच लिटरचा कॅन पाच किलोच्या आसपास उचल देतो, बारा-तेरा वर्षांच्या पोराला पुरतो.

झाकणाखाली सायकलच्या ट्यूबची चकती घाला, घट्ट आवळा, वरनं एम-सील. रात्रभर बादलीत दाबून ठेवा. बुडबुडा आला तर तो कॅन बाद. बांधायचा पाठीवर, दोन्ही खवाट्यांच्या मधी. सुती पट्टा किंवा जुनी ओढणी वापरा, नायलॉनची दोरी काखेत कापती. एक वेढा काखेखालनं छातीवर, दुसरा खांद्यावरनं, अन् दोन्ही पुढच्या बाजूला एकत्र. सुती पट्टा भिजल्यावर ताणतो. म्हणून पहिल्या पाच मिनिटांनी बाहेर घेऊन परत आवळायचा. हे लोकं करत न्हाईत अन् मग कॅन सरकत कंबरेवर येतो. कंबरेवर आलेला कॅन बूड वर करतो, तोंड पाण्यात. अन् कॅन असला तरी हाताच्या अंतरावर पोहणारं माणूस पाहिजेच.

माळरान

विहीरकाठ यांनी पातळीचा विषय काढलाच आहे तर पाझर तलावाच्या तळाबद्दल सांगायला हवं. आपली जमीन काळी. आटत्या तलावाच्या काठावर वरून सुकलेली भेगाळ खपली दिसते आणि खाली मांडीभर लोण्यासारखा मऊ चिखल असतो. पाय रुतला की माणूस दुसऱ्या पायावर जोर देतो, तोही रुततो. अशा वेळी पाठीवर आडवं व्हायचं, हात पसरायचे आणि एक-एक पाय गोल फिरवत हळू मोकळा करायचा. उतरताना भराव्यावर रचलेल्या दगडांच्या (पिचिंगच्या) बाजूने उतरा. हातात सहा फुटी बांबू ठेवा, पुढे टोचत जा.

याहून मोठी भीती खड्ड्यांची. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत बऱ्याच तलावांतून जेसीबीने गाळ काढला, शेतीला फार चांगलं झालं. पण यंत्राने काढलेल्या खड्ड्यांचे काठ उभे असतात. उन्हाळ्यात ते उघडे दिसतात, जूनमध्ये भरतात आणि ऑगस्टात त्यांच्यावरून कंबरभर पाणी सपाट दिसतं. चालत गेलेला माणूस एका पावलात कंबरेवरून डोक्याच्या वर जातो. काठही निसरडे, धरायला काही नाही. न पोहणारे बुडतात ते बहुतेक असेच, काठाजवळ. म्हणून मे महिन्यात तलाव रिकामा असताना एकदा फिरून खड्डे कुठे आहेत ते मोबाइलच्या नकाशावर खुणा करून ठेवा. तीच खूण पुढे सहा महिने उपयोगी पडते.

उजनीकर

उजनीला याच्या जोडीला बुडालेली गावं आहेत. धरणाचा मृतसाठाच, म्हणजे वापरात न धरलेलं तळाचं पाणी, ६३ टीएमसीच्या वर. पाणी उणे टक्क्यांत, म्हणजे मृतसाठ्यातही खाली गेलं की जुनी घरं, बांध, विहिरींचे कठडे वर येतात. पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं ते सगळ्यांनी पाहिलंय. धोका उघड्या पडलेल्या भिंतींचा नाही, वीतभर पाण्याखाली राहिलेल्या भिंतींचा आहे. छाती-गुडघे फुटतात, बाभळीच्या वाळक्या खोडांनी पोट फाटतं. मार्च ते जून फुगवट्यात सूर मारायचा नाही, आणि नावाड्याने दाखवलेल्या पट्ट्यातच पोहायचं.

दुसरं, जाळी. तंगूसाची जाळी पाण्यात दिसत नाही. वर थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या रांगेत तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे समजा, वीस मीटर लांबून वळा. पाय अडकला तर लाथा मारू नका, त्याने गुंता वाढतो. उताणे व्हा, हातांनी तरंगत राहा, हाक मारा. नावेत कोयता किंवा कात्री हवीच. जलपर्णीतही हेच : ज्या वाटेने शिरलात त्याच वाटेने, हातांनीच, उताणे मागे.

तिसरं, वारा. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर वळवाचा वारा दहा मिनिटांत उठतो. २१ मे २०२४ ला कुगाव आणि कळाशीच्या मध्ये वादळी वाऱ्याने बोट उलटली आणि सहा जण गेले. रुंद फुगवट्यात लाटा आखूड आणि उंच उठतात, श्वास घ्यायला तोंड वर काढलं की पाणी आत जातं. वीज कडाडली आणि तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर तत्काळ बाहेर. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी ॲप फोनमध्ये ठेवा. ते आसपासच्या विजांचा इशारा देतं.

सूक्ष्मदर्शी

पाण्याचा रंग कुणी काढला नाही अजून. तापमान २५ च्या वर, वारा शांत आणि पाण्यात सांडपाण्याचं खत आलेलं असलं की निळं-हिरवं शेवाळ माजतं. सकाळी शांत वेळी ते वर येऊन हिरव्या ऑइलपेंटसारखी साय धरतं आणि वाऱ्याने एका काठाला गोळा होतं. त्यातल्या काही जाती विष सोडतात. अंगाला पुरळ, डोळ्यांची आग, पोटात गेलं तर उलट्या आणि यकृताला इजा. पाणी उकळून हे विष जात नाही. गुरं आणि कुत्रीही त्या काठाला पाणी प्यायला सोडू नका.

ओळखण्याच्या दोन युक्त्या. काठी बुडवून वर काढा. तिला केसांसारखे धागे लोंबले तर साधं शेवाळ, रंग लावल्यासारखी माखली तर संशयाचं. दुसरी, काचेची बरणी पाऊण भरा, झाकण लावून रात्रभर फ्रिजमध्ये न हलवता ठेवा. सकाळी हिरवा थर तळाशी बसला तर बहुधा साधं, वर कडेने हिरवी वळी तरंगली तर पोहणं रद्द. बरणी वेगळी ठेवा, स्वयंपाकाची नको.

गढूळपणा मोजायला २० सेंटीमीटर व्यासाची स्टीलची ताटली घ्या, चार चतकोर काळे-पांढरे रंगवा, मध्ये भोक, खाली वजन, दोरीला दर १० सेंटीमीटरला खूण. सावलीच्या बाजूने सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर घेताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी घ्या. १.२ मीटरपेक्षा कमी भरली तर गटाने पोहणं टाळा, कारण एखादा खाली गेला तर दिसणार नाही. काळ्या मातीचं पाणी पावसानंतर आठवडेच्या आठवडे निवळत नाही.

जंतूंचं डोळ्याने कळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा उघड्यावर स्नानाचा निकष 'ब' वर्गाचा : एकूण कोलिफॉर्म (मैल्याची खूण देणारे जंतू) १०० मिलीमागे ५०० च्या आत, विरघळलेला प्राणवायू ५ मिलिग्रॅमच्या वर, बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा प्राणवायू) ३ च्या आत, सामू (पीएच) ६.५ ते ८.५. नियमित पोहणारा गट असेल तर वर्गणी काढून एक तपासणी उन्हाळ्यात आणि एक पावसाळ्यात करून घ्या. मोठ्या पावसानंतर तीन दिवस तरी उतरू नका, सगळं धुऊन आलेलं असतं.

नाडीपरीक्षा

त्याला जोडून दोन गोष्टी. कोमट, उथळ, गाळ ढवळलेल्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमिबा असू शकतो. तो पिण्याने बाधत नाही, नाकातून वर गेला तरच मेंदूपर्यंत पोहोचतो. फार दुर्मीळ, पण जवळजवळ नेहमी प्राणघातक. केरळात अशा रुग्णांची नोंद झाली आहे. नाकाला चिमटा लावा, नाक न धरता पायांवर उडी मारू नका, मुलांना तळाचा चिखल ढवळू देऊ नका. पोहल्यानंतर काही दिवसांत तीव्र डोकेदुखी, ताप, मान ताठ झाली तर डॉक्टरांना तलावात पोहल्याचं आपणहून सांगा.

दुसरी लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या जंतूंचा आजार. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर पाण्यात नाही. दोन-तीन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्या दुखू लागल्या तर हेच सांगा, "व्हायरल असेल" म्हणून अंगावर काढू नका.

शंका_विचारते

आणि डिसेंबर-जानेवारी? तेव्हा तर अगदीच निर्धोक म्हणायचं का?

लांबपल्ला

वर्षातला सगळ्यात चांगला काळ नोव्हेंबर मध्य ते फेब्रुवारी, यात दुमत नाही. पावसाळ्याचा गाळ बसलेला असतो, पातळी भरलेली, वारा कमी. लांब अंतराचा सराव याच काळात करा. फक्त गड्ड्याच्या यात्रेच्या, म्हणजे संक्रांतीच्या सुमाराला पहाटे हवा १२-१३ पर्यंत उतरते. पाणी २०-२१ असलं तरी बाहेर आल्यावर ओल्या अंगाला वारा लागून थंडी वाजते, आणि बाहेर येऊन पाच-दहा मिनिटांनी ती वाढते. सडपातळ माणसाने पाऊण तासावर जाऊ नये. कोरडे कपडे उतरण्याच्या जागीच ठेवा, आधी छाती-पाठ पुसून लोकरीचं काही घाला, मग चहा. आठ वाजता उतरलं तरी चालतं, या दिवसांत घाई नसते. मुलांचं अंग लवकर गार पडतं. ओठ निळे दिसण्याची वाट बघू नका, बडबड थांबली की बाहेर घ्या.

भीमाकाठ

एक विषय राहिला. कुणी बुडू लागलं तर न शिकलेल्याने पाण्यात उडी घ्यायची नाही. घाबरलेला माणूस मिठी मारतो आणि दोघेही जातात. उतरण्याच्या जागी वीस मीटर दोरी आणि तिला बांधलेला पाच लिटरचा कॅन कायम असू द्या. कॅनमध्ये पेलाभर पाणी ठेवा, म्हणजे वाऱ्यात नीट फेकला जातो. माणसाच्या पलीकडे फेकून त्याच्याकडे ओढायचा. दोरी नसेल तर दोन साड्या किंवा फेटा बांधून.

बाहेर काढल्यावर काय करायचं ते नाडीपरीक्षा ताईंनी सांगावं, कारण अजूनही गावोगाव माणसाला उलटं धरून गरगर फिरवतात.

नाडीपरीक्षा

उलटं धरायचं नाही, पोट दाबायचं नाही, फिरवायचं नाही. पोटातलं पाणी काढायच्या नादात श्वासाची मिनिटं जातात, आणि उलटी होऊन ती फुप्फुसात शिरते. सपाट, कडक जमिनीवर उताणं ठेवा. श्वास चालू नसेल तर आधी तोंडातला चिखल बोटाने काढा, कपाळ मागे आणि हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडाने पाच श्वास द्या, प्रत्येक वेळी छाती वर येते का ते बघत. बुडालेल्याला हवा आधी हवी असते, म्हणून श्वासाने सुरुवात. मग छातीच्या मध्यभागी तीस दाब, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने, पाच-सहा सेंटीमीटर खोल. मग दोन श्वास, पुन्हा तीस दाब. दाब देणारा दर दोन मिनिटांनी बदला. दुसऱ्या कुणीतरी एव्हाना १०८ लावलेला असावा आणि रस्त्यावर माणूस उभा केलेला असावा, कारण शेतातल्या विहिरीचा पत्ता रुग्णवाहिकेला सापडत नाही.

श्वास आला, तोंडाने फेस किंवा पाणी आलं, तर कुशीवर वळवा. उठून बसला, "बरं आहे" म्हणाला तरी घरी न्यायचं नाही. फुप्फुसाला सूज काही तासांनी येऊ शकते. दवाखान्यात निदान सहा ते आठ तास देखरेखीखाली ठेवा आणि किती वेळ पाण्याखाली होता हे डॉक्टरांना सांगा.